पिसू भुंगेऱ्यांचा अभ्यास: सुरुवात झाडापासून करा

द्राक्षबागेत छाटणीनंतर फुगणारे डोळे कुरतडणारा उडद्या नाशिक-सांगलीकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कृषी पत्रकांत त्याला सर्रास ‘फ्ली बीटल’, म्हणजे पिसू भुंगेरा म्हणतात. पण स्केलोडोन्टा स्ट्रिजिकॉलिस हा उडद्या वेगळ्याच उपकुळातला. वेल हलवली की तो टपकन खाली पडतो. खरा पिसू भुंगेरा, म्हणजे अल्टिसिनी गटातला, मागच्या मांडीतल्या स्प्रिंगने उडी घेतो. कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांच्यावरून या स्प्रिंगला मौलिकचा अवयव म्हणतात.

नुसत्या जाड मांडीवर विसंबू नका, साग्रा भुंगेऱ्याचीही मांडी फुगीर असते. शंका आली तर मांडी सोडवून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ठेवा. पारदर्शक झाली की आतली वळलेली स्प्रिंग दिसते. ही स्प्रिंग उत्क्रांतीत एकदाच आली की अनेकदा, यावर वाद आहे. म्हणून उडी मारणारे सगळे जवळचे नातलग, असं गृहीत धरू नका.

बऱ्याच जाती एखाद्याच वनस्पती-कुळावर जगतात. क्लिटिया बेलावर, फायलोट्रेटा मोहरी-मुळ्यावर. त्यामुळे झाड न ओळखता केलेला संग्रह निम्मा वाया जातो. मात्र पानावर बसलेला किडा तेच पान खातो असं नाही. डबीत ओलसर टिपकागद, ताजं पान आणि किडा रात्रभर ठेवा. सकाळी छिद्रं आणि विष्ठा दिसली तरच ते झाड किड्याचं यजमान, म्हणजे खाद्यझाड म्हणून नोंद करा. त्या फांदीचा नमुनाही दाबून ठेवा. अळ्या अनेकदा मुळांवर असतात, त्यामुळे पानं चाळून त्या सापडत नाहीत.

जाळीतून किडे चोषकनळीने, म्हणजे हवा ओढून किडा आत घेणाऱ्या नळीने उचला. बोटांनी धरायला गेलात तर निम्मे उडून जातात. डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल वापरा. जात ठरवायला बहुधा नराचं जननांग आणि मादीची शुक्रकोशिका (शुक्राणू साठवणारी पिशवी) लागते. नमुना गरम पाण्यात मऊ करून पोट सोडवा आणि पोटॅशमध्ये टाका, पण लक्ष ठेवा: जास्त वेळ राहिलं तर शुक्रकोशिका इतकी फिकी पडते की पुन्हा सापडत नाही. काढलेले भाग ग्लिसरीनच्या कुपीत ठेवा आणि कुपी त्या किड्याच्याच टाचणीला लावा.

प्रजाती (जीनस) ओळखायला आधी मागचा पाय बघा. लाँगिटार्ससच्या मागच्या पावलाचा पहिला खंड लांबलचक असतो. सिलिओडिसच्या मिशांना ११ ऐवजी १० खंड.

चिठ्ठीवर नुसतं ‘महाबळेश्वर’ पुरत नाही. अक्षांश, रेखांश, उंची, तारीख आणि झाड हवं. दक्षिण सह्याद्रीच्या उंच डोंगरांवर शेवाळात राहणारे बिनपंखी पिसू भुंगेरे आहेत. ते जाळीत येत नाहीत, शेवाळ पांढऱ्या ट्रेवर झाडावं लागतं. एका डोंगरावरचं शेवाळ दुसऱ्याच्या पिशवीत मिसळू देऊ नका.