चक जोन्स बघायचाय? मग क्रमाने बघा आणि बोट पॉजवर ठेवा

चक जोन्स, म्हणजे जुन्या अमेरिकन कार्टून फिल्म्सचा डायरेक्टर, म्हटलं की लोक डायरेक्ट बग्स बनीची ती ऑपेरावाली, १९५७ ची 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' लावतात. अॅनिमेशन शिकत असाल तर असं नका करू, तिथून सुरू केलं की वाटतं हा माणूस आईच्या पोटातूनच शिकून आला, आणि तसं अजिबात नाहीये.

आधी १९३८ ची 'द नाइट वॉचमन' लावा, डायरेक्टर म्हणून ही त्याची पहिली. त्याआधी या धंद्यात त्याची सुरुवात अब आयवर्क्स नावाच्या अॅनिमेटरच्या स्टुडिओत सेल धुण्यापासून, म्हणजे वापरलेल्या पारदर्शक शीटवरची चित्रं पुसायची की शीट परत कामाला. मग स्निफल्स उंदराची एखादी बघा. गोड आहे, पण डिस्नेसारखं करायच्या नादात रेंगाळते किती! कंटाळा आला तरी पूर्ण बघा, नंतर लागणारे.

आता १९४२ ची 'द डोव्हर बॉइज'. यूट्यूबवर पॉज करून कीबोर्डवरचा पूर्णविराम दाबला की एक फ्रेम, म्हणजे एक सुटं चित्र, पुढे, स्वल्पविरामाने मागे. पात्र एका पोझमधून दुसरीत जाताना मधेच ब्रशचा फराटा मारल्यासारखं ताणलेलं दिसेल, आणि नॉर्मल स्पीडला कळतही नाही हो! (दोन फ्रेम एकमेकांत मिसळलेल्या दिसल्या तर ती कॉपी सोडा, मी अशाच एका कॉपीवर अख्खी संध्याकाळ मोजत बसलेलो.)

मग रोडरनर, म्हणजे सुसाट पळणारा पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला लांडग्यासारखा कायोटी, १९४९ पासून पुढची कुठलीही. कायोटी कड्यावरून पडतो तिथे वही घ्या. जोन्सचा हिशोब असा, १८ फ्रेममध्ये तो लहान होत होत दिसेनासा, पुढच्या १४ फ्रेम नुसती वाट बघायची, मग खाली धुळीचा ढग. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सगळा खेळ दीड सेकंदाच्या आतला. आता स्वतः एक साधा बॉल पाडा, तीन व्हर्जन करा, मधली गॅप एकदा ४, एकदा १४, एकदा ३० फ्रेम, आणि घरातल्या कुणाला तरी न सांगता दाखवा, हसू कुठे येतं बघा. मग परत त्या स्निफल्सकडे जा आणि तो नुसता मागे वळायला किती फ्रेम खातो ते मोजा.

लहानपणी टीव्हीवर 'टॉम अँड जेरी'मधला जाड भुवयांचा टॉम बघितला असेल ना, तोही याचाच, १९६३ पासून एमजीएम स्टुडिओसाठी केलेला. माझ्या मते घाईत असाल तर ते सोडलं तरी चालेल.

आता लावा ऑपेरावाली. पहिल्यांदा पॉज न करता.