पद्मिनी स्लोला थांबेना, आणि चूक माझ्याच पान्याची

आयटीआयमधली पोरं अधूनमधून विचारतात, दादा जुन्या गाड्यांचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. मी स्वतः मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा मला नव्या गाड्यांचा दोष दाखवणारा स्कॅनर लावता येत होता, पण कार्बेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, फक्त टेबलावर अर्धा कापून ठेवलेला बघितला होता, चालू इंजिनवर कधीच हात लावला नव्हता. लालबागच्या एका गल्लीत आबांच्या गॅरेजला लागलो आणि पहिले काही महिने घमेल्यात घासलेट घेऊन पार्ट धुवायचे आणि चहा आणायचा, एवढंच काम. कंटाळा यायचा, पण धुता धुता कुठला जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) कुठे बसतो ते डोक्यात बसलं हे आता कळतं.

तर गिरगावातले एक काका त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, वर एक सोलेक्स कार्बेटर, गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. तक्रार साधी होती, सकाळी थोडी मिसिंग मारते, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं. आबा गावाला गेले होते. मी म्हटलं हे आपलंच काम, कार्बेटर खोलला, धुतला, हवा मारली, जुनंच पॅकिंग घालून परत बसवला आणि नट असे आवळले की सुटायला नकोत. गाडी चालू झाली, काका खूश, दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले.

परत आले ते वैतागून. घाटात गाडी मस्त चालली, हायवेला काही प्रॉब्लेम नाही, पण दादर टीटीला सिग्नलला उभी केली की थरथरते आणि बंद. पाठीमागून बसवाला हॉर्न मारतोय, काका चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारी दांडी) ओढून धरून बसलेत, असं घरापर्यंत. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मिक्स्चरचा स्क्रू आत, बाहेर, आत, बाहेर. काही फरकच पडेना. मग स्लोचा, म्हणजे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना इंजिन जेवढं हळू चालतं त्या स्पीडचा, स्क्रू आवळून रेस वाढवून दिली, म्हणजे गाडी सिग्नलला बंद पडत नव्हती पण घरघरत उभी राहायची. तीन दिवस हा खेळ चालला.

आबा आले, दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहिले आणि बोलले, "काय रं, स्क्रूशी भांडण हाय का तुजं? गाडी एअर घेतीया."

आता हे एअर घेणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण मला कॉलेजात हे कुणी असं सांगितलं नव्हतं. स्लोला थ्रॉटलची प्लेट जवळजवळ बंद असते, त्यामुळे प्लेटच्या खाली इंजिन जोरात हवा ओढत असतं, व्हॅक्यूम जास्त असतो. स्लोचं पेट्रोल तिथेच एका बारीक भोकातून येतं आणि ते किती यायचं हे मिक्स्चरचा स्क्रू ठरवतो. प्लेटच्या खाली कुठेही फट असेल तर तिथून फुकटची हवा घुसते, मोजून दिलेल्या पेट्रोलला ती जास्त होते आणि मिक्स्चर पातळ पडतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की प्लेट उघडते, व्हॅक्यूम कमी होतो, इंजिन तशीही बदाबदा हवा घेत असतं, तेव्हा त्या फटीची हवा कुठल्या कुठे विरून जाते. म्हणून घाटात मस्त आणि टीटीला बंद. आणि स्क्रू फिरवून फरक पडत नाही, ही तर खूणच आहे. चोक ओढल्यावर बरी चालते ही दुसरी.

पण लगेच कार्बेटरवर जाऊ नका. आबांनी आधी मला प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायला लावली, आतल्या पॉईंटचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघायला लावला, मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मग प्लग. अर्ध्या वेळा कार्बेटरचा म्हणून आलेला आजार पॉईंटचा किंवा कंडेन्सरचा निघतो. चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर इन्सुलेशनच्या पकडीने काढून बघायची, काढल्यावर रेस पडली तर तो सिलिंडर काम करतोय, नाही पडली तर तोच झोपलाय. एकच सिलिंडर झोपलेला असेल तर त्याच्या बाजूला शोधा, चारी सारखेच अर्धवट चालत असतील आणि प्लग पांढुरके, म्हणजे पेट्रोल कमी पडल्याची खूण, असतील तर फट कार्बेटरच्या खाली असायची शक्यता जास्त. आमचे चारी पांढुरके.

मग आबांनी एअर फिल्टर काढला आणि कार्बेटरच्या तोंडावर तळहात अर्धा धरला, क्षणभरच. थरथरणारं इंजिन एकदम गुळगुळीत झालं. हवा कमी केल्यावर बरी चालते म्हणजे हवा जास्त होतेय, इतकं सरळ. पण एक लक्षात ठेवा, स्लोचा जेट तुंबला असेल तरी हेच होतं, कारण तिथे पेट्रोलच कमी येतं. म्हणून तो जेट काढून उजेडात धरून बघायचा, हवा मारायची, तार घालून टोचायचा नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की जेट गेला कामातून. आमचा जेट साफ होता, तेवढं तरी काम मी नीट केलं होतं.

फट नेमकी कुठे हे शोधायला लोक चालू इंजिनवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात, रेस बदलली की तीच जागा. काम करतं, पण शेजारी सायलेन्सरचा मॅनिफोल्ड चांगलाच तापलेला असतो आणि तो स्प्रे पेट घेतो, मी नवीन पोराच्या हातात कधीच देत नाही. कुणी उदबत्तीच्या धुराने शोधा असंही सांगेल, पेट्रोलशेजारी उदबत्ती लावलीत तर नंतर गाडीच्या फोटोसमोर लावावी लागेल. आबांची पद्धत तेलाच्या कुपीची. जाड इंजिन ऑइल एकेका जोडावर थेंब थेंब सोडायचं आणि कान लावायचा. स्पिंडलच्या, म्हणजे थ्रॉटलची प्लेट ज्या दांड्यावर फिरते त्याच्या, दोन्ही टोकांना सोडलं, किंचित फरक. खालच्या पॅकिंगला, दोन स्टडच्या बरोबर मधे सोडलं आणि तेल डोळ्यांदेखत आत ओढलं गेलं, इंजिन दोन सेकंद शांत झालं, मागून निळा धूर.

कार्बेटर काढला. आबांनी खिडकीच्या काचेचा एक जाड तुकडा ठेवलेला असतो, त्यावर त्याची फ्लँज, म्हणजे इंजिनवर बसणारा खालचा सपाट चेहरा, ठेवली आणि मधे फीलर गेजची पट्टी सरकवली, ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. ही बॉडी मऊ ओतीव धातूची असते, दोन कानांवर नट आवळत गेलं की कान खाली वाकतात आणि मधे कमान होते. म्हणजे ती फट मीच तयार केली होती, जोर लावून. आबा काही बोलले नाहीत, पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. काचेवर पेपर, वर थोडं घासलेट, आणि फ्लँज आठच्या आकड्यात फिरवत घासायची. आधी फक्त दोन टोकं चकाकली, मधला भाग काळाच. दुपारच्या जेवणापर्यंत घासत होतो, सगळा चेहरा एकसारखा चमकेपर्यंत. मग धुवून, नवीन पॅकिंग, आणि नट थोडे थोडे, आलटून पालटून, दोन बोटांनी धरलेल्या छोट्या पान्याने.

बसवल्यावर मिक्स्चरचा स्क्रू हलकेच बंद करून दीड फेरा उघडला आणि गरम इंजिनवर फिरवून बघितला. या वेळेला प्रत्येक पाव फेऱ्याला आवाज बदलत होता. तीन दिवस मुका असलेला स्क्रू बोलायला लागला, तेव्हा मला जे वाटलं ते परीक्षेच्या निकालाला वाटलं नव्हतं. स्पिंडलचा किंचित फरक राहिलाच होता, तो नंतर लेथवाल्याकडून बुश मारून घेतला.

आता कामाचं. पहिल्या पगारातून फीलर गेज, चांगले छोटे पाने आणि तेलाची कुपी घ्या, व्हॅक्यूम गेज नंतर. मुंबईत आपण समुद्राच्या लेव्हलला आहोत, तब्येतीत असलेलं इंजिन स्लोला त्या गेजवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. जुने पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडला शोधा, कार्बेटर घेताना स्पिंडल हातात धरून हलवून बघा, खुळखुळला तर भाव कमी करा नाहीतर ठेवा तिथेच. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाईप लवकर कडक होऊन तडकतात आणि मिक्स्चरही जरा पातळ होतं, त्यामुळे व्हॅक्यूमचा एखादा पाईप असेल तर तो वाकवून चिरा बघायच्या, नुसतं वरून बघून चालत नाही.

काम आहे का, असं विचाराल तर आहे. ऑक्टोबर २०२३ मधे वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि तिच्यासोबत टॅक्सी स्टँडवर बोनेट उघडून दहा मिनिटांत स्लो लावून देणारे लोकही कमी झाले. घरच्या गाड्या मात्र लोकांनी ठेवल्यात, आणि ते हात शोधत फिरतात. काका अजून येतात. बोनेट उघडायच्या आधी मला विचारतात, "नट कोण आवळणार आहे, तू की आबा?"