घरी शिकणाऱ्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरवताना

गट इयत्तेनुसार पाडू नका, वयानुसार पाडा. घरी शिकणारी मुलं एका विषयात पुढे, दुसऱ्यात मागे असतात. हॉलमधले प्लग आदल्या दिवशीच मोजून घ्या. प्रत्येक टेबलावर तक्त्याशेजारी प्रयोगवही हवीच: तारीख, मोजमापं आणि फसलेले प्रयत्नसुद्धा. परीक्षकांनी आधी तीच उघडावी, कारण चकचकीत तक्ता बरेचदा आईबाबांनी केलेला असतो.

लिंबाच्या बॅटरीचा प्रयोग असेल तर ४ लिंबं एकसर, म्हणजे एकाची तांब्याची पट्टी पुढच्याच्या खिळ्याला अशी साखळीने, जोडायला सांगा. तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा खोचला की एका लिंबातून जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला साधारण १.८ लागतात, पण एलईडी जोडल्यावर विजेचा दाब (व्होल्ट) उतरतो, म्हणून दोन लिंबं पुरत नाहीत. तरीही पेटला नाही, तर एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाकडे आहे का ते बघा.