फरशी घ्यायला जाताय? आधी पाणी कुठे सांडतं ते बघा

शोरूममध्ये टाइल उभी लावलेली असते, वरून पांढराशुभ्र लाइट मारलेला असतो आणि आपण चपला घालून समोर उभं राहून काय चमकतीये म्हणतो. घरी तीच टाइल जमिनीवर असणार, तिच्यावर सांडलेला चहा, पोछा मारल्यावरचं ओलं, सत्तरीतली आजी आणि पळणारी पोरं असणार. म्हणून दुकानात जायच्या आधी घरात एक चक्कर मारा आणि प्रत्येक खोलीत तीन गोष्टी बघा: पाणी कुठे सांडतं, तेल कुठे उडतं आणि तिथे चालतं कोण. रंग आणि डिझाइन त्यानंतर.

सुरुवात बाथरूमपासून करा, हॉलपासून नको. ओल्या साबणाच्या पाण्यावर पाय गेला की धरायला काही नसतं, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर एक घसरणं म्हणजे खुब्याचं हाड आणि कित्येक महिने अंथरूण, इतकं ते गंभीर आहे. अँटीस्किड हा शब्द सगळेच दुकानदार वापरतात, त्यावर जाऊ नका, आर रेटिंग विचारा. आर ९ पासून आर १३ पर्यंत असतं, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. बाथरूमला आर १० च्या खाली जाऊ नये, आजी-आजोबा असतील तर आर ११ घ्या. पण ते रेटिंग बूट घालून, तेलकट उतारावर केलेल्या टेस्टचं असतं आणि आपण बाथरूममध्ये अनवाणी जातो, त्यामुळे खरी परीक्षा तिथेच घ्यायची. सॅम्पल जमिनीवर ठेवायला सांगा, बाटलीतलं पाणी ओता, शांपूचा थेंब टाका, चप्पल काढा आणि टाच दाबून पाय पुढे ढकलून बघा. जी टाइल ओली झाल्यावरही तळव्याला किंचित खरखरीत लागते ती घ्यायची. फार खडबडीत पण नको, खाचांत साबणाचा थर बसतो आणि घासून घासून जीव जातो.

बाथरूमला साइझ छोटा चालतो, उलट तोच बरा. १ बाय १ फुटाची टाइल ढाळ द्यायला सोपी, मोठी टाइल घेतली की ढाळासाठी तिरकी कापावी लागते नाहीतर पाणी कोपऱ्यात साचतं. ढाळ मीटरला साधारण १ सेंटीमीटर तरी जाळीकडे हवा. आणि टाइल लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बंद करून पाणी भरून किमान २४ तास ठेवा, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते का बघा, मगच पुढे. मिस्त्री म्हणेल गरज नाही, तरी करा. पुण्यात वाघोली, उंड्री वगैरे भागात जिथे टँकर किंवा बोअरचं पाणी असतं तिथे काळी किंवा गडद चकचकीत टाइल अजिबात घेऊ नका, क्षारांचे पांढरे डाग रोज दिसतात, मग कोणीतरी ॲसिड आणतं आणि ते सिमेंटचे जोड खाऊन टाकतं. फिकट राखाडी, मॅट, बास.

किचनमध्ये शत्रू पाणी नाही, फोडणी आहे. ओट्याच्या पुढचा दोन-अडीच फुटाचा पट्टा, तिथेच तेल, हळद, डाळ, सगळं. इथे मार्बल नको. मार्बल, कोटा, शहाबादी हे सगळे चुन्याचे दगड, लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पॉलिश उडून तिथे पांढुरका चट्टा पडतो आणि तो पुसून जात नाही. व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे खूप तापवून काचेसारखी घट्ट केलेली, पाणी जेमतेम अर्धा टक्का शोषते त्यामुळे हळदसुद्धा वेळेवर पुसली तर निघते. मॅट किंवा साटिन फिनिश घ्या, रंग मधला. आणि जोडात इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं भरण, भरायला सांगा, महाग पडतं पण साधं सिमेंटचं ग्राउट वर्षभरात ओट्यापुढे काळपट पिवळं होतंच. सगळ्या घराला परवडत नसेल तर निदान किचन आणि बाथरूमला करा.

हॉलला मात्र चमक चालते, इथे ओलं फार नसतं. फक्त काय घेताय ते समजून घ्या. हल्ली मार्बलसारखी दिसणारी जी टाइल सगळीकडे असते ती जीव्हीटी, म्हणजे वर छापलेलं डिझाइन आणि त्यावर ग्लेझ, टवका उडाला की आतला वेगळा रंग दिसतो. डबल चार्ज नावाच्या व्हिट्रिफाइड टाइलमध्ये वरचा रंगाचा थरच तीन-चार मिलिमीटरचा असतो त्यामुळे वावर जास्त असेल, ग्राउंड फ्लोअर असेल, चपलांबरोबर खडी-वाळू आत येत असेल तर ती जास्त टिकते, डिझाइन कमी मिळतात एवढंच. दाराशी उंबरा ग्रॅनाइटचा घ्या. आणि देवघराखाली पांढरा मार्बल टाकायचा हट्ट असेल तर समईचं तेल आणि कुंकू लक्षात ठेवा, ग्रॅनाइटवरचं पुसता येतं.

बेडरूमला बहुतेकांना लाकडाचा फील हवा असतो. लॅमिनेटच्या आत दाबलेला लाकडाचा भुसा असतो, आपल्याकडे रोज ओला पोछा मारतात आणि जून ते सप्टेंबर हवा दमट, कडा फुगतात. लाकडाचाच फील हवा असेल तर एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या पट्ट्या, बघा, ते पाण्याला दाद देत नाही, किंवा सरळ वुडन फिनिशची टाइल घ्या. पुण्याच्या डिसेंबरात सकाळी फरशी गार लागते हे खरं आहे, पण त्यासाठी पलंगाशेजारी सतरंजी पुरते.

ड्राय बाल्कनी हे बाथरूमच समजा, मशीनचं पाणी, भांडी घासणं, सगळं तिथेच. तीच आर ११ टाइल. मोठी टेरेस असेल तर उन्हाळ्यात तापते, तिथे पांढऱ्या चिनी तुकड्यांचं चायना मोझॅक अजूनही उत्तम, ऊन परत फेकतं.

एक कळकळीचं सांगणं. कोथरूड, सहकारनगर, नळ स्टॉपच्या जुन्या सोसायट्यांत मोझॅकच्या फरश्या आहेत, मळकट दिसतात म्हणून लोक रिनोव्हेशनमध्ये पहिला घाव त्यांच्यावर घालतात. आधी पॉलिशवाल्याला बोलवून एका कोपऱ्यात मशीन मारून बघा. मोझॅकमध्ये मार्बलची खडी वरच्या जाड थरात सगळीकडे असते, घोटली की खालून नवी निघते, राडारोडा नाही, सोसायटीशी भांडण नाही. तीच गोष्ट कोट्याची. फरशीवर फरशी टाकायची असेल तर आधी जुनी ठोकून बघा, पोकळ वाजली तर ती काढावीच लागेल, आणि लेव्हल अर्धा इंच वर आली की दारं खालून कापावी लागतात. बाथरूममध्ये तर हे करूच नका, बाथरूमची लेव्हल खोलीच्या खालीच राहिली पाहिजे.

लावताना मिस्त्री सिमेंटच्या घोळावर व्हिट्रिफाइड टाइल टाकतो म्हणाला तर नको म्हणा. ती पाणी शोषत नाही म्हणून सिमेंट तिला नीट धरत नाही, टाइल अडेसिव्हच वापरा आणि मागची बाजू पूर्ण भरायला सांगा, चार कोपऱ्यांत गोळे ठेवून नाही. सगळं सुकल्यावर नाणं घेऊन प्रत्येक टाइल कोपऱ्यात आणि मधोमध वाजवा, पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा, त्या बदलून झाल्या की मगच शेवटचे पैसे द्या.

खरेदीचा हिशोब असा. १० बाय १५ चा हॉल म्हणजे १५० स्क्वेअर फूट, त्यात १० टक्के कापाकापीचे धरून १६५. २ बाय २ च्या चार नगांच्या पेटीत साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट बसतात, म्हणजे ११ पेट्या, वर एक जास्तीची. दुकान भवानी पेठेतलं असो की हायवेवरचं मोठं शोरूम, माल उतरवताना प्रत्येक पेटीवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे का हे टेम्पो उभा असतानाच बघा, कारण दुसऱ्या बॅचचा पांढरा हा वेगळा पांढरा असतो आणि लावल्यावर तो हॉलच्या मधोमध दिसतो. जास्तीची पेटी माळ्यावर उभी ठेवा, उद्या नळासाठी फोडाफोड झाली तर ते डिझाइन बाजारात मिळेलच असं नाही.