नुसत्या अक्षरांचा खेळ: मड कसा निवडायचा, कसा खेळायचा

मड म्हणजे चिखल नव्हे. 'मल्टी-यूजर डन्जन' या शब्दांची ती आद्याक्षरं. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला. चित्रं नाहीत. जागेचं वर्णन वाचायचं, काय करायचं ते टाइप करायचं. आणि त्याच जागेत त्याच क्षणी दुसरं खरंखुरं माणूस उभं असू शकतं. आजच्या मोठमोठ्या ऑनलाइन खेळांत राक्षसांना 'मॉब' म्हणतात, तो शब्दही इथलाच: 'मोबाइल'चं, म्हणजे हिंडत्या प्राण्याचं, तोडलेलं रूप.

हे खेळ अजून चालू आहेत. बहुतेक फुकट आहेत, दहा वर्षं जुना लॅपटॉप पुरतो, डेटा नगण्य लागतो. तरी नवा माणूस अर्ध्या तासात कंटाळून निघून जातो. कारण बहुधा दोनांपैकी एक असतं: मड भलत्याच जातीचा निवडला, नाहीतर नीट न लावलेल्या खिडकीतून खेळला.

जात आधी, नाव मागाहून

पहिली जात डिकूची. 1990-91 मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात लिहिलेल्या डिकूमडचा हा वंश. मारा, लुटा, लेव्हल वाढवा, चांगली तलवार घाला, पुन्हा मारा. चित्रांच्या ऑनलाइन खेळांतून आलेल्याला हे लगेच उमगतं. 1996 पासून चालू असलेला आर्डवुल्फ हा इथला ठळक नमुना: 201 लेव्हल, नवख्यांसाठी वेगळी शाळा, आणि प्रश्नांना उत्तरं देणारा 'न्यूबी' हा गप्पांचा चॅनल. पहिलाच मड असेल तर इथे जावं, असं आमचं मत.

दुसरी एलपीमडची. स्वीडनच्या लार्स पेन्शो यांनी 1989 मध्ये पाया घातला. यात भागागणिक नियम आणि गमती वेगळ्या, कारण तो तो भाग रचणाऱ्यालाच त्यातला प्रोग्रॅम लिहिता येतो. डिस्कवर्ल्ड मड आणि फिनलंडचा बॅटमड या घराण्यातले. डिस्कवर्ल्डमध्ये लेव्हलपेक्षा कौशल्यांना भाव आहे आणि भटकण्याला भरपूर वाव. घाई असणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

तिसरी, धंदा म्हणून चालवलेली. 1997 चा अकिया हे त्यातलं मोठं नाव. प्रवेश फुकट, पण 'क्रेडिट' विकत घेऊन कौशल्यं लवकर वाढवता येतात. खेळाडूंनी चालवलेली शहरं, त्यांची राजकारणं, निवडणुका हे खरं आकर्षण. दोन माणसांमधली लढाई मात्र फार किचकट आहे: समोरचा एकामागून एक व्याधी लावतो आणि प्रत्येकीवर वेगळा उतारा. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका.

चौथ्या जातीत मश आणि मू येतात. 1989 च्या टायनीमडपासून निघालेली ही शाखा. इथे मारामारी जवळजवळ नाही. सगळे मिळून एक गोष्ट लिहितात. तुमच्या पात्राने काय केलं ते तीन-चार वाक्यांत मांडायचं, मग समोरचा त्याचं मांडेल, एका खेपेला पाच-दहा मिनिटंही लागतील. इंग्रजी लिहायला आवडत असेल तर यासारखं काही नाही. आवडत नसेल तर ही शिक्षाच.

शोधायचं कसं? मडची यादी देणाऱ्या साइट आहेत, पण मतांवर लावलेल्या क्रमवारीवर विसंबू नका. त्यावरून जुने खेळाडू किती निष्ठावान आहेत एवढंच कळतं. सरळ आत जाऊन 'हू' ही आज्ञा द्या, म्हणजे या क्षणी कोण कोण आत आहे ते दिसेल. (आज्ञा रोमन लिपीत टाइप करायच्या, इथे त्यांचे उच्चार दिलेत.) हे तुमच्या नेहमीच्या खेळायच्या वेळी करा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेपाच. ब्रिटनचे रात्रीचे आठ म्हणजे आपला रात्रीचा दीड किंवा साडेबारा. म्हणजे भारतात संध्याकाळी सातला ओस वाटलेला मड पहाटे गजबजलेला असू शकतो. नंतर 'न्यूज' वाचा. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची असेल तर घर उघडं आहे, पण घरात माणूस नाही.

खिडकी

मड टेलनेट या जुन्या पद्धतीने जोडला जातो, म्हणून पत्ता आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) असे दोन तपशील लागतात. विंडोजमधलं टेलनेट मुळात बंद असतं, आणि ते चालू करून खेळूही नका: तुम्ही टाइप करत असताना मधेच मडचा मजकूर येतो आणि तुमच्या ओळीचे तुकडे होतात. मड खेळण्यासाठीच बनवलेला मडलेट हा प्रोग्रॅम घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याच्या जोडणीच्या खिडकीत आर्डवुल्फ, अकिया, बॅटमड असे बरेच मड आधीच भरलेले असतात, निवडून जोडलं की झालं. दुसरा हवा असेल तर नवं प्रोफाइल काढून पत्ता आणि पोर्ट भरायचं.

जोडल्यावर चार गोष्टी लगेच बघा. फॉन्ट समान रुंदीचा हवा, कारण नकाशे अक्षरांनीच काढलेले असतात. ओळ 80 अक्षरांची मावली पाहिजे. मावली नाही तर नकाशाचा चुरा होतो, म्हणून फोनवर खेळायचंच असेल तर तो आडवा धरा. काळ्यावर गडद निळा रंग वाचता येत नाही, आणि कित्येक मड नेमका तोच वापरतात. सेटिंगमध्ये निळा उजळ करून टाका. चौथी गोष्ट लॉगची: मजकुराची नोंद चालू ठेवा. कुणीतरी सांगितलेला रस्ता उद्या तिथेच सापडतो. लढाईत मजकूर सरसर वर पळतो तेव्हा माऊसचं चाक वर फिरवा, मडलेट खिडकी दुभागतं: वर मागचं, खाली चालू.

जोडलंच जात नसेल तर बहुतेक वेळा कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कने ते पोर्ट अडवलेलं असतं. मडला ब्राउझरमधून खेळायची सोय असेल तर ती वापरा. आणि साध्या टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो, तेव्हा मेलचा किंवा बँकेचा पासवर्ड इथे देऊ नका. सुरक्षित जोडणीचं वेगळं पोर्ट दिलं असेल तर तेच घ्या.

पहिला तास

पात्र करताना योद्धा घ्या. जादूगार लांबून भारी दिसतो, पण सुरुवातीला दोन फटक्यांत आडवा होतो आणि त्याच्या आज्ञाही जास्त. आत गेल्यावर पडदा साधारण असा दिसतो (इथे मराठीत):

पडक्या वेशीपाशी
दोन्ही बुरुजांवर वड उगवला आहे. कमानीखालून गाडीवाट उत्तरेला जाते. डाव्या बुरुजाला खेटून अरुंद जिना आहे, पायऱ्यांवर ताजा चिखल आहे.
[वाटा: उत्तर, दक्षिण]
एक म्हातारा पहारेकरी इथे डुलक्या काढतो आहे.
<72 जीव 110 मंत्र 95 चाल>

पहिली ओळ जागेचं नाव, मग वर्णन, वाटा, हजर असलेली मंडळी, आणि शेवटी प्रॉम्प्ट: जीव शून्यावर गेला की मेलात, मंत्र संपला की जादू बंद, चाल संपली की पाय थांबले. नवखा माणूस वाटा बघून 'एन' दाबतो आणि उत्तरेला निघून जातो. पण जिना वाटांच्या यादीत नाही. 'लुक' आणि पुढे जिन्याचा इंग्रजी शब्द टाइप करा, मग चिखलाचा. चांगल्या मडमध्ये प्रत्येक नामाला उत्तर मिळतं, आणि ताजा चिखल म्हणजे वर कुणीतरी नुकतंच गेलंय. 'अप' किंवा 'क्लाइंब' करून बघा. मडची मजा इथे आहे.

पहारेकऱ्याला मारायचं असेल तर आधी 'कन्सिडर'. तो तुम्हाला झेपेल का ते एका वाक्यात कळतं. एकसारखे दोन असतील तर डिकूत '2.गार्ड', एलपीत 'गार्ड 2'. त्याआधी 'विम्पी' लावा, म्हणजे जीव ठरलेल्या आकड्याखाली गेला की पात्र आपोआप पळतं. हा आकडा काही मडमध्ये जीवाचा असतो, काहींत टक्केवारी, म्हणून 'हेल्प विम्पी' वाचूनच लावा. 1000 जीव असताना विम्पी 30 ठेवला आणि मडने तो टक्के न मानता जीव मानला, तर पळायच्या आत गेलात. मेल्यावर बऱ्याच ठिकाणी सामान प्रेतापाशीच राहतं आणि प्रेत काही वेळाने कुजून जातं; आधी चॅनलवर मदत मागा, रिकाम्या हाताने परत धावू नका.

कनेक्शन तुटलं तरी पात्र लगेच गायब होत नाही, उभ्या जागी मार खात राहतं. मोबाइल नेटवर्क गप्प जोडणी काही मिनिटांत तोडतं, त्यामुळे चहाला उठण्यापूर्वी सुरक्षित खोलीत जा आणि जाताना 'सेव्ह', 'क्विट' करा. खिडकीची फुली दाबणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे.

नकाशा मडलेट काढतं, पण पहिले काही दिवस गणिताच्या चौकटीच्या वहीत हाताने काढा. एक खोली, एक चौकट. उत्तरेला जाऊन दक्षिणेला परत आलात तर त्याच खोलीत याल याची खात्री नाही, एकेरी वाटाही असतात. तिथे बाण काढा. हाताने काढलेला भाग पाठ होतो, आपोआप उमटलेला होत नाही.

पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांना आखूड टोपणनावं द्या, मडलेटमध्ये त्याला एलियस म्हणतात. ट्रिगर, म्हणजे ठरावीक ओळ दिसली की आपोआप आज्ञा, जपून वापरा. तुम्ही पडद्यासमोर नसताना पात्र खेळत राहिलं तर बहुतेक मडमध्ये ती बॉटगिरी ठरते आणि पात्र जातं. एका माणसाने दोन पात्रं एकाच वेळी आत आणायची का, याचेही नियम वेगवेगळे. 'हेल्प रूल्स' कंटाळवाणं असलं तरी वाचा.

दृष्टी नसलेल्या खेळाडूंसाठी मड हा बरोबरीचा खेळ आहे, कारण स्क्रीन रीडर सगळं वाचून दाखवू शकतो. 1995 पासूनचा ऑल्टर इऑन यासाठी नावाजलेला आहे. तिथे अंध खेळाडू मोठ्या संख्येने आहेत.

मराठीचं काय? जुने मड देवनागरी ओळखत नाहीत, 'नमस्कार' टाइप केलं की प्रश्नचिन्हांची रांग जाते. सोबत्याशी मराठीत बोलायचं तर रोमन लिपीच. स्वतःचा मराठी मड हवा असेल तर पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं एव्हेनिया हे मड रचायचं साधन घ्या. ते फुकट आहे आणि युनिकोड, म्हणजे देवनागरीही, समजतं. पिप या पायथॉनच्या इन्स्टॉलरने बसवायचं, 'एव्हेनिया --इनिट' आणि खेळाचं नाव देऊन फोल्डर काढायचा, फोल्डरच्या आत जाऊन 'मायग्रेट' आणि मग 'स्टार्ट'. ब्राउझरमध्ये 4001 पोर्टवर खेळ उघडतो, मडलेटसाठी 4000. खोल्यांची वर्णनं लगेच मराठीत लिहिता येतात. रकान्यांचे तक्ते मात्र काना-मात्रांमुळे वाकडे पडतात, ते टाळा. आज्ञा इंग्रजीतच येतात, पण प्रत्येक आज्ञेला पर्यायी नावांची यादी असते. 'लुक'च्या यादीत 'बघ' घातलं की 'बघ जिना' चालायला लागतं.