अवघड ॲक्शन गेमच्या सुरुवातीलाच अडकलात? मग हे करून बघा

'एल्डन रिंग'मध्ये उघड्या मैदानात पाऊल टाकलं की थोड्याच अंतरावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालताना दिसतो. नवखा खेळाडू थेट त्याच्यावर चाल करून जातो आणि दोन-तीन फटक्यांत आडवा होतो. खरं तर त्याला वळसा घालून पुढे निघून जाता येतं. 'डार्क सोल्स'मधला पहिला राक्षस समोर येतो तेव्हा तर हातात मोडकी तलवार असते. तिथे उघड्या दारातून पळायचं असतं.

म्हणून सगळ्यात आधी ठरवा, ही लढाई आत्ताच लढायची आहे का? तुमच्या फटक्याने शत्रूच्या जिवाची पट्टी जेमतेम हलत असेल आणि त्याच्या एका फटक्यात तुम्ही संपत असाल, तर बहुधा रस्ता चुकलाय किंवा वेळ. दुसरीकडे फिरा, हत्यार सुधारा, मग परत या.

दोन गोष्टी खेळण्याआधीच तपासा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते. आणि अंगावरचं वजन बघा: 'एल्डन रिंग'मध्ये ते क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की रोल, म्हणजे वार चुकवण्यासाठी मारलेली कोलांटी, जड होतो. भारी चिलखताचा मोह इथेच नडतो.

आता बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी उभा असलेला मोठा शत्रू. पहिल्या काही फेऱ्यांत त्याला मारायचंच नाही, असं ठरवून आत जा. फक्त चुकवत राहा. कोणता वार किती वेळ चालतो, कोणत्या वारानंतर तो थांबतो, हे डोळ्यांत बसू द्या. 'एल्डन रिंग'मधला मार्गिट काठी उगारतो आणि मुद्दाम रेंगाळतो. उगारताच रोल केलात तर तुमचा रोल संपतो तेव्हा त्याची काठी खाली येते. हात खाली यायला लागला की रोल करा. तोही मागे नको, बऱ्याचदा वाराच्या आतून, शत्रूच्या कुशीत. रोलच्या सुरुवातीच्या क्षणांत इजा होत नाही, पण मागे लोळलात तर लांब हत्याराचं टोक गाठतंच.

मग एक मोकळी जागा निवडा आणि तिथे एकच फटका मारा. दुसरा मारावासा वाटेल, मारू नका. त्यात स्टॅमिना (मारायला आणि रोल करायला लागणारा दम) संपतो आणि चुकवायला काही उरत नाही. औषधसुद्धा बॉसच्या लांबलचक वारानंतरच प्या.

'एल्डन रिंग'मध्ये हातात रुन्स (शत्रू मारून मिळणारं, लेव्हल वाढवायला लागणारं चलन) असतील तर बॉसकडे जाण्याआधी खर्च करून टाका. मेल्यावर ते तिथेच पडतात आणि उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. सुरुवातीच्या लेव्हल 'व्हिगर'वर, म्हणजे जीव वाढवणाऱ्या गुणावर घाला. जास्त वेळ जिवंत राहिलात तर जास्त शिकाल, ताकद नंतरही वाढवता येते.

गेमने दिलेली मदत घ्यायला लाजू नका. 'हेडीस'च्या गॉड मोडमध्ये इजा २० टक्क्यांनी घटते आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्क्यांनी. यात कसला कमीपणा? 'सेकिरो'त मात्र सोपी पातळी नाहीच. तिथे पडक्या देवळाबाहेर हानबेई नावाचा न मरणारा योद्धा सरावासाठी उभा असतो. वार तलवारीवर झेलणं त्याच्यासमोर घोटून घ्या आणि मगच पुढच्या बॉसकडे वळा.