जुनी टर्बो हॅच बेळगावात घ्यायची, सांभाळायची आणि चोर्ला घाटात चालवायची तर

टर्बो हॅच म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून जोर काढणारी छोटी गाडी. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ला आली, २०२० ला गेली. फोक्सवॅगनची पोलो २०२२ ला बंद झाली, तिच्याबरोबर तिची टर्बोवाली जीटी टीएसआय पण गेली, आणि फियाटची १४५ पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) अबार्थ पुंतो तर आता शोधून सापडत नाही. तरी टिळकवाडी-शहापूरची पोरं अजून हेच विचारालेत की जुन्यातली कुठली घेऊ. थोडी नवी बघायची तर २०२१ ची आय-ट्वेंटी एन लाइन आहे, २०२४ ची अल्ट्रोझ रेसर आहे, दोन्ही १२० पीएसच्या. माझं मत विचारशील तर कुठली घेतलीस ह्याच्यापेक्षा टायर, ब्रेक आणि ऑइलला पैसे बाजूला ठेवलेस का नाही हे जास्त महत्त्वाचं. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), एक्झॉस्ट, स्टिकर ते सगळं नंतर, आणि नाही केलंस तरी चालतंय.

पहिला विषय नंबर पाटीचा. आपल्याकडं असल्या गाड्या मोजक्याच, म्हणून सगळे कोल्हापूर-पुण्याकडं बघतात आणि एमएच पाटीची गाडी स्वस्त दिसते. पण कर्नाटकात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर इथली नोंदणी करावी लागते, बेळगावला केए-२२, चिकोडी-निपाणीकडं केए-२३, आणि त्याला तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, इथला लाइफटाइम टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं परत भरावा लागतो, तिकडं भरलेला टॅक्स अर्ज करून परत मागायचा तो वेगळाच व्याप. लोन असेल तर ते फिटल्याच्या फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का. हे सगळं धरून हिशोब कर, मग बघ स्वस्त राहते का. फॉर्म २८, २९, ३० (एनओसी आणि मालकी बदलाचे) वर मालकाच्या सह्या पैसे द्यायच्या आधी घे, नंतर तो फोन उचलेलच असं नाही.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेव की गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर चहा पी, गप्पा मार, थंड होऊ दे. थंड स्टार्टलाच खडखड ऐकू येते, निळा धूर दिसतो, एकदा तापली की सगळं गोड वाटतंय. मग तिसऱ्या गिअरला दोन हजार आरपीएमवरनं नीट दाबून बघ, ओढ एकसारखी आली पाहिजे, हलकी शिट्टी चालते पण अँब्युलन्ससारखा आवाज आला की टर्बो बघायला लागणार. पोलो १.२ टीएसआय असेल तर तिला ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचवाला, त्यामुळं मोकळ्या हायवेला ट्रायल घेऊन काही कळत नाही, रेल्वे गेटच्या किंवा खडे बाजाराच्या गर्दीत रांगत चालवून बघ, पहिल्या-दुसऱ्यात थरथरली किंवा झटका दिला तर भाव पाड नाहीतर सरळ घरी ये. पुंतो असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग, तोंडी नको.

आणि टायर. टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीची नक्षी खोल असते, माणूस खूश होतो, पण रबर दगड झालेलं असतंय. जून-जुलैत चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटीच्या पुढं पाऊस कसा लागतो ते तुला माहीत आहे, तिथं हे दगड घेऊन जाऊ नकोस. सहा वर्षं झाली असतील तर चारी नवीन घाल. हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची, पंपावर पोचेपर्यंत तापलेली असते आणि आकडा वर दाखवते.

ऑइल फुल सिंथेटिक, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलाच. बुकात १५ हजार लिहिलं असलं तरी मी म्हणतो साडेसात हजाराला किंवा वर्षाला बदल, कारण टर्बो लाखाच्या वर आरपीएमने फिरतो आणि त्याच्या बेअरिंगला तेच ऑइल. घाट चढून आलास की लगेच चावी फिरवू नकोस, शेवटचे दोन किलोमीटर हळू आण नाहीतर मिनिटभर चालू ठेव, नाहीतर ऑइल आतच जळून चिकटतं. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी. ते हवेतली ओल ओढतं, मग उतारावर तापलं की उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं.

पेट्रोल गोव्यात स्वस्त, महाराष्ट्रात महाग, हे आपल्याला सांगायला नको. पण आता सगळीकडं ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल त्यात, आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून रबरी पाइप आणि फ्युएल फिल्टरवर लक्ष ठेव, महिना महिना टाकीत पडून राहू देऊ नकोस. जास्त ऑक्टेनचं, म्हणजे इंजिन सहज न ठोकणारं पेट्रोल मिळालं तर टर्बोला बरं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काय पाहिजे ते लेथवर टर्न करून मिळतंय, म्हणून व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) करून घेणारे पण आहेत. भावा, नको. चाकाच्या बेअरिंगवर लोड येतो, बोल्टची पकड कमी होते. रिमॅपचं पण तेच, कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर बदल केला की मोटर व्हेईकल ॲक्टचं कलम ५२ आहे आणि इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी बरोबर तेच शोधून काढतो.

आता चालवायचं. चोर्ल्याला, म्हणजे बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या घाटात, टॉप स्पीडचं काही काम नाही, कणकुंबीच्या पुढं तर दुसरा-तिसराच गिअर. ह्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात, वळणात जास्त वेगानं घुसलास तर नाक सरळच जायला बघतं, मग स्टिअरिंग कितीही पिळ. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. गिअर पण तिथंच पाड. वळण उघडलेलं दिसलं की मग हळूहळू पाय दे, एकदम दिलास तर टर्बो मध्येच जागा होतो आणि ओल्या रस्त्यावर चाक फिरतं. पाचव्यात दीड हजारावर रेंगाळत फुल दाबायची सवय सोड, इंजिन आतून ठोकतं, गिअर पाडून दाब. उतरताना चढताना होता तोच गिअर, ब्रेकवर बसून राहू नकोस. कुठल्याही वळणात आपली लेन सोडायची नाही, समोरनं गोव्याचा ट्रक अर्ध्या रस्त्यावर असतोच. संध्याकाळनंतर खानापूर-जांबोटी पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. वाटेतल्या गावांत स्पीड ब्रेकरला रंग नसतो, आणि गाडी जमिनीला जवळ, तेव्हा तिरकी काढ.

नोव्हेंबर ते मार्च रात्री निपाणी, चिकोडी, अथणीकडं जाणार असशील तर उसाची वाहतूक सुरू असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि टेपचा आवाज एवढा की तुझा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही. आपल्या लाइटच्या उजेडात थांबता येईल तेवढाच वेग ठेव. ओव्हरटेक करताना ट्रॉल्या दोन असतात हे धरून चाल, एक संपली म्हणून मध्ये घुसायला जाऊ नकोस.